गल्लीचं विरजण

त्या दिवशी सकाळी कऱ्हाडात दही लागलं नाही.

आता एखाद्या घरी दही न लागणं ही काही बातमी नव्हे. दूध जास्त तापलं, थंडी पडली, विरजण कमी पडलं, कारणं हवी तेवढी. पण त्या सकाळी सोमवार पेठेत लागलं नाही, शनिवार पेठेत लागलं नाही, विद्यानगरच्या वीस मजली इमारतींत लागलं नाही, आणि खानावळवाल्यांच्या पातेल्यांतही दूध दुपारपर्यंत दूधच राहिलं. बायका भांडी तिरपी करकरून बघत होत्या. ज्या पुरुषांनी जन्मात कधी विरजण लावलं नव्हतं, ते मोठ्या आवाजात कारणं सांगत होते.

डॉ. हर्षदा नलवडे आपल्या स्वयंपाकघरात उभी होती आणि तिच्याही हातात तिरपं केलेलं भांडंच होतं. फरक इतकाच, की बाकीच्यांना ते कोडं वाटत होतं आणि हिला ते आपल्यावरच आलेलं संकट वाटत होतं. कारण कऱ्हाडातच कशाला, सगळ्या महाराष्ट्रात आणि शेजारच्या मुलखात त्या काळी जे दही लागायचं, ते हिनं घडवलेल्या जिवाणूनं लागायचं. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. प्रयोगशाळेत सगळे त्याला शिलेदार म्हणत, एकांडा शिलेदार.

एकांडा का, ते सांगायला हवं. दह्यात मुळात दोन जातींचे जिवाणू नांदतात. एक गोल, माळेसारखे एकाला एक लागलेले. दुसरे काडीसारखे लांबट. काडीवाले दुधातली प्रथिनं तोडतात, आणि त्या तुकड्यांवर गोलवाले पोसतात, कारण त्यांना स्वतःला ते काम नीट जमत नाही. गोलवाले त्या बदल्यात थोडं आम्ल आणि थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याशिवाय काडीवाल्यांचं पान हलत नाही. एकेकटे ठेवले तर दोघंही रडतखडत वाढतात. एकत्र ठेवले की दुधातली साखर आंबवून सकाळपर्यंत दही घट्ट करून देतात. माणसानं पहिल्यांदा दूध विरजलं तेव्हापासून हा संसार चालू होता, आणि त्याला अख्खी रात्र लागायची.

हर्षदानं तो संसारच मोडीत काढला. दोघांची कामं एकटा करील असा जिवाणू तिनं घडवला. देणंघेणं नाही, वाट बघणं नाही. दूध कोमट करा, पुडी टाका, अर्ध्या तासात दही खा. शिवाय तो आपल्याभोवती असा एक पदार्थ सोडायचा, की त्या भांड्यातले बाकीचे जिवाणू तग धरू शकत नसत. दही कसं स्वच्छ, एकजात, रोज तीच चव. कंपनीनं हर्षदाचे फोटो छापले, तिचा सत्कार झाला, आणि तिला त्याचा अभिमान वाटला. का वाटू नये? उमेदीची सगळी वर्षं तिनं त्यात घातली होती.

कंपनीचा अंदाज होता, की प्रत्येक घरात दर आठवड्याला एक पुडी खपेल. तो अंदाज बांधणारी माणसं कुठल्या गावची होती कोण जाणे. दही संपवताना तळाशी चमचाभर ठेवायचं, ही गोष्ट आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. लोकांनी पुडी एकदाच घेतली आणि मग त्याच दह्याचं विरजण लावत राहिले. ज्यांनी पुडी घेतली नाही त्यांनी शेजारणीकडून वाटी आणली. वाटी ज्या घरी गेली, त्या घरचं जुनं विरजण आपोआप मेलं. दोनेक वर्षांत शिलेदार पैसे न देताच घरोघरी पोचला. कंपनीनं कपाळाला हात लावला, पण मोठ्या डेअऱ्याही शिलेदारच वापरू लागल्या होत्या, तेव्हा फार बोंब मारली नाही.

आणि आता तोच शिलेदार सगळीकडे एकदम मेला होता.

कारण शोधायला वेळ लागला नाही. प्रयोगशाळेत मिक्सरएवढं एक यंत्र होतं. थेंबभर काहीही त्यात टाकलं, की त्यात कोणकोण राहतं ते चहा होईपर्यंत सांगायचं. त्यानं सांगितलं, फाज. फाज म्हणजे जिवाणूंना खाणारा विषाणू. माणसाला, गुराढोरांना त्याचा काही त्रास नाही. तो जिवाणूच्या अंगाला चिकटतो, आत शिरतो, आपल्यासारखे शेकडो तयार करतो आणि जिवाणू फोडून बाहेर पडतो. पण प्रत्येक फाजाची खोड ठरलेली असते. विशिष्ट जातीच्या जिवाणूच्या अंगावर त्याला हवी तशी बारीक कडी असली तरच तो चिकटू शकतो. शिलेदाराची कडी ज्याला सापडली त्याला सगळा मुलूख मोकळा मिळाला, कारण प्रत्येक वाटीत तोच होता.

पंधरवडाभर लोकांनी जमेल ते केलं. मिरचीची देठं टाकली, लिंबू पिळलं. दूध आंबलं, पण त्याला तार सुटली नाहीतर वास आला. हर्षदानं शीतपेटीतल्या जुन्या जाती बाहेर काढल्या. एकेक जात चार दिवस चालायची, मग तिलाही कुठला ना कुठला फाज गाठायचा. लग्नघरांतून मठ्ठा गेला. लहान पोरं दहीभातासाठी रडायला लागली. पुण्याहून कंपनीचे प्रमुख सबनीस रोज फोन करत. नवा शिलेदार, म्हणजे कडी बदललेला, जवळजवळ तयार होता. तो बाजारात आणायच्या आधी हा फाज निघाला कुठून ते शोधा, असा त्यांचा धोशा होता. ते घर, ती डेअरी, जे असेल ते, एकदा कायमचं निर्जंतुक केलं की विषय संपला.

अशात एका दुपारी हर्षदा डोकं उठलं म्हणून लवकर घरी आली आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर थबकली. खालच्या मजल्यावरून कढीचा वास येत होता. मेथ्या, आलं, कढीपत्ता, आणि खाली चांगलं आंबट ताक.

खालच्या मजल्यावर तिची थोरली जाऊ राहायची, शरयूवहिनी. घर एकच, मजले दोन, चुली दोन. दोघींत बोलणं होतं, पण कामापुरतं. त्याला कारण चार वर्षांपूर्वीचं संक्रांतीचं हळदीकुंकू. वहिनींनी वरच्या पाहुण्यांसाठी खालून दह्याचं पातेलं आणलं होतं, आणि हर्षदानं ते सगळ्या बायकांदेखत हुंगून बाजूला सारलं. यात काय काय वाढलंय देव जाणे, असं म्हणून स्वतःची पुडी फोडली. बायका हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. पातेलं उचलून त्या खाली गेल्या, आणि त्या दिवसापासून या घरात दह्याची वाटी ना जिना चढली ना उतरली. आपलं चुकलं हे हर्षदाला त्याच रात्री कळलं होतं. पण जिना उतरून तसं सांगायला जायचं राहिलं ते राहिलंच.

शरयूवहिनी म्हणजे घोळ. दार उघडं, टीव्ही चालू, गॅसवर काहीतरी उतू जातंय आणि बाई कुणाच्या तरी ओट्यावर गप्पा मारतायत. दही वाढता वाढता त्या विरजणासकट सगळं वाढून टाकायच्या, आठवड्यातून दोनदा तरी. मग वाटी घेऊन निघायच्या. कधी लोमटे काकूंकडे, कधी शेखांच्या रुबीनाकडे, कधी जंगमांच्या खानावळीत, कधी दूध घालणाऱ्या बाईलाच सांगून तिच्या घरचं मागवायच्या. आणि ज्या दिवशी यांच्याकडे असेल त्या दिवशी तीच सगळी मंडळी यांच्याकडे यायची. फक्त वरच्या मजल्यावर त्यांनी कधी मागितलं नाही.

हर्षदा दारात उभी राहिली. वहिनींनी मागे वळून पाहिलं आणि जेवणार का म्हणून विचारलं, जणू ती रोजच येत होती.

"वहिनी, हे दही कसं लागलं?"

"लागलं तसं लागलं. दही काय कुणाला विचारून लागतं?"

"सगळ्या गावात लागत नाहीये."

"हो ना, सगळ्या माझ्याचकडून नेतायत परवापासून. तुला हवंय तर ने. वाटी तेवढी परत आण."

हर्षदाला ओशाळल्यासारखं झालं. चार वर्षांत तिला कुणी इतक्या सहज काही दिलं नव्हतं. ती वाटी घेऊन तशीच प्रयोगशाळेत परत गेली.

यंत्रानं त्या दिवशी चहा होईपर्यंत उत्तर दिलं नाही. ते वाचतच राहिलं. पडद्यावर नावांमागून नावं येत गेली. गोलवाल्यांच्या विसावर जाती, काडीवाल्यांच्या दहाबारा, काही यीस्ट, काही असे जिवाणू, की ज्यांची नोंदच कुठे नव्हती. "अगं बाई," हर्षदा एकटीच म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. मग फाजांची यादी सुरू झाली, तीही लांबलचक. त्या यादीच्या मध्यावर शिलेदाराला खाणारा फाज होता, आणि त्याच्या जवळच त्याचे आईबाप, आजे-पणजे.

म्हणजे मारेकरी आपल्याच घरच्या तळमजल्यावर वाढला होता. हर्षदाला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर तिला राग आलाच नाही, तिला विलक्षण कुतूहल वाटलं. हा फाज या वाटीत इतकी वर्षं आहे, बाकीचेही आहेत, मग हे दही मरत का नाही?

तिनं एक साधा प्रयोग केला. वाटीतलं थोडं विरजण घेऊन त्यातले सगळे फाज काढून टाकले, आणि थोडं तसंच ठेवलं. दोन्ही रोज नव्या दुधात लावत गेली. फाज काढलेलं दही पहिले काही दिवस झकास लागलं. मग त्यातली एक जात माजली. तिनं दुधातली साखर एकटीनं खायला सुरुवात केली, बाकीच्यांना उरेना, एकेक जात गळत गेली, दही आंबटढाण झालं आणि शेवटी एकच जात शिल्लक राहिली. त्यात तिनं एक फाज सोडला, तर दुसऱ्या दिवशी दूधच. वहिनींचं तसंच ठेवलेलं दही मात्र रोज लागत होतं. चव आज थोडी गोड, उद्या थोडी आंबट, पण लागायचंच.

हळूहळू हर्षदाला ते उलगडलं. फाज हे त्या वाटीतले चोर नव्हतेच. जी जात फार वाढते तिच्यावरच फाजाची धाड पडते, कारण तीच त्याला जिकडेतिकडे भेटते. तिची संख्या उतरते, दुधातली साखर दुसऱ्यांच्या वाट्याला येते. मग दुसरी वाढते, तिचा फाज तिला आवरतो. वाटप असं चालू राहतं. कुणीच संपत नाही, कारण कुणालाच सगळं मिळत नाही. गल्लीतून वहिनींच्या वाटीत शिलेदार कितीदा आला असेल. माजायच्या आत त्याला तिथल्या फाजानं चाखून पाहिलं, आणि चाखता चाखता एकदाची कडी सापडली. मग वहिनींची वाटी लोमट्यांकडे गेली, शेखांकडे गेली, खानावळीत गेली, जिथे शिलेदाराशिवाय दुसरं काही उरलंच नव्हतं. पुढचं सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

तिनं हे सगळं मन लावून लिहून काढलं आणि सबनीसांना पाठवलं. तिला खरंच वाटलं होतं, की ते वाचून त्यांना आनंद होईल. सबनीसांनी त्यातला फक्त पत्ता वाचला.

फोनवर ते अतिशय गोड बोलले. शोध लावल्याबद्दल अभिनंदन केलं. नव्या जैवसुरक्षा कायद्यानं कंपनीला उगमाची जागा निर्जंतुक करायचा अधिकार होता. माणसं सकाळी येतील, तळमजल्यावरची सगळी भांडी नेतील, घर धुऊन काढतील. वाईट वाटून घेऊ नका म्हणाले, नुकसानभरपाई मिळेल. प्रयोगशाळेतले नमुने आजच्या आज उकळून टाका, नवा शिलेदार पुढच्या आठवड्यात बाजारात येईल, त्यावर तुमचंच नाव असेल, आणि पुण्याचं केंद्रही तुमच्याच हाती. हर्षदा म्हणाली, की नवा शिलेदारही आज ना उद्या असाच मरेल, ही वाटी मात्र टिकेल. सबनीस म्हणाले, की तो मरेल तेव्हा तिसरा काढू. तुम्ही आहातच की.

फोन ठेवल्यावर तिनं नमुने खरोखर उकळले. तिथे कॅमेरे होते आणि नोकरी होती. तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं, आणि हे कुणाला समजावून सांगावं ते तिला कळत नव्हतं. आता त्या विरजणाचा जीव फक्त तळमजल्यावर उरला होता.

घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. वहिनी ओट्यावर लसूण सोलत होत्या. हर्षदा त्यांच्याजवळ खालीच बसली आणि तिनं सगळं सांगितलं. शिलेदार कुणी मारला ते सांगितलं, सकाळी माणसं येणार तेही सांगितलं. लसूण सोलता सोलता वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, की तुझं सगळं मेलं ते माझ्या वाटीनं का? हर्षदा हो म्हणाली.

"आणि माझं कसं काय जगलं?"

"तुम्ही विसरता म्हणून." हर्षदाला हसू आलं आणि रडूही. "सारखं संपवता, सारखं दुसऱ्याचं आणता. त्या वाटीत सगळी गल्ली आहे, वहिनी. कुणाचंच एकट्याचं नाही ते."

"मग माझ्या घरची भांडी नेऊन काय मिळणार त्यांना?"

"त्यांना वाटतं इथेच सुरू झालं, इथेच संपेल. आणि संपेलही. एवढ्या पंधरवड्यात ज्यांनी तुमच्याकडून नेलं त्यांनी दह्याच्या हव्यासानं तळासकट खाऊन टाकलं असेल. लपवूया का कुठे?"

"विरजण लपवतात का कुणी? वाटून टाकू. किती घरांची भांडी नेतील?"

हर्षदानं मान खाली घातली. वाटून टाकणं म्हणजे काय ते वहिनींना ठाऊक नव्हतं, तिला होतं. या दह्याबरोबर हे फाज पुन्हा घरोघरी जाणार, आणि या वेळी लोक तळाशी ठेवणार. दुसरा शिलेदार येवो की तिसरा, त्याला या मुलखात थारा मिळणार नाही. तिची सगळी वर्षं, तिचं नाव, पुण्याचं केंद्र, नोकरी, एका पातेल्यातून चमच्याचमच्यानं जाणार होतं. तिनं ते वहिनींना सांगितलं.

"तर मग तू ठरव," त्या म्हणाल्या. "माझं काय, मी मिरचीच्या देठानं लावीन. तुझ्या मनाविरुद्ध नको."

हर्षदा उठली आणि आत जाऊन पातेलं घेऊन आली.

तेव्हा वहिनींना दुसरीच काळजी पडली. दिवेलागणीनंतर घरातलं विरजण बाहेर देत नाहीत. त्यांच्या सासूबाईंनी कधी दिलं नाही, त्यांनीही कधी दिलं नाही, आणि अंधार तर पडायलाच आला होता. हर्षदानं डोकं धरलं. इथे कायदा, कंपनी, नोकरी, आणि बाईंना दिवेलागण सुचतेय. वहिनींनी मात्र शांतपणे देवघरातली काडेपेटी उचलून कमरेला खोचली. त्या म्हणाल्या, दिवा लावलाच नाही तर दिवेलागण कशी होईल? तू जाऊन ये. मी थांबते.

मग हर्षदा नलवडे पातेलं घेऊन गल्लीत निघाली. आयुष्यात ती कधी विरजण मागायला किंवा द्यायला कुणाच्या दारात गेली नव्हती. लोमटे काकूंनी तिला आधी ओळखलंच नाही. रुबीनानं दूध कोमट करून आणेपर्यंत तिला बसवून ठेवलं आणि पुडीवालंच ना, म्हणून विचारलं. नाही, हर्षदा म्हणाली, याला सकाळपर्यंत लागेल. तिनं प्रत्येकीला बजावून सांगितलं, तळाशी ठेवा, आणि पुढे द्या, एकाच घरी ठेवू नका. जंगमांनी त्यांच्या मोठ्या पिंपातल्या दुधात घातलं आणि मलकापूरच्या भावाला फोन केला, की माणूस पाठव. पहिल्या दारात ती अवघडून उभी राहिली. नंतर नंतर तिला बरं वाटायला लागलं. लोक तिच्या हातून घेत होते आणि कुणीही तिला डॉक्टर म्हणत नव्हतं.

परत आली तेव्हा घरात चांगलाच अंधार होता. वहिनींनी देवाचा दिवा तर नाहीच, साधी ट्यूबही लावली नव्हती. चाचपडत त्या दारापर्यंत आल्या आणि त्यांनी पातेल्यात बोट फिरवून पाहिलं. तळाशी चमचाभर उरलं होतं.

"हे तुझं," त्या म्हणाल्या. "वर जाऊन दुधात घाल, मग मी दिवा लावते."

"आणि तुम्हाला?"

स्वतःसाठी ठेवायचं नेहमीप्रमाणे वहिनींच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मला काय," त्या म्हणाल्या, "सकाळी तुझ्याकडून नेईन की."

हर्षदा जिना चढून वर गेली, दूध कोमट केलं, बोटानं दोनदा बघितलं आणि चमचा बुडवला. खालून वहिनींनी घातलंस का म्हणून विचारलं. घातलं, तिनं वरून सांगितलं, आणि मग खाली काडी ओढल्याचा आवाज आला.